शिडाच्या बोटीवर राहायचंय? गोव्यातून पहिला सीझन सुरू करणाऱ्यांसाठी

शीड चढवणं, उतरवणं, वारा बघून बोट वळवणं हे पंधरा-वीस दिवसांत हाताला येतं. दोनापावल, करंझाळेच्या बाजूला शिकायची सोय आहे, तिथे छोट्या बोटीवर चार-सहा वेळा उलटून पाण्यात पडलात की निम्मं शिक्षण झालंच. जे कुणी शिकवत नाही ते म्हणजे बोटीवर राहणं, म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून पाणी किती उरलं, बॅटरी किती उरली, नांगर रात्री होता तिथेच आहे का, भरती किती वाजता, गॅस सिलिंडरला बंद केला का, हे सगळं. मी आणि नवरा सहा सीझन झाले एका जुन्या तीस फुटी फायबरच्या बोटीवर नोव्हेंबर ते मे राहतो आणि पावसाळ्यात म्हापशाला घरी असतो, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते. नवीन लोकांना माझं सांगणं एवढंच की लांबच्या बेटांची घाई करू नका, आधी नांगरावरचा एक साधा दिवस नीट जमायला हवा, तो जमला की बेटं कुठे पळून जात नाहीत.

पहिलं काम: सात दिवस, जमिनीवर न उतरता

बोट घेतली की मांडवीत नाहीतर झुआरीत, जिथे परवानगी असेल तिथे नांगर टाका आणि सलग सात दिवस बोटीवरच राहा. दुकानात जायचं नाही, मोबाईल घरी चार्ज करायचा नाही, पाणी आणायला धक्क्यावर जायचं नाही. पणजी समोर दिसते आणि तरी उतरायचं नाही हे अवघड जातं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं की टाकीतलं पाणी कुठे जातंय, फ्रिज रात्री किती बॅटरी खातो आणि कुठल्या खिडकीतून पहाटे दव आत येतं. हे सगळं इथे कळलं तर डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, घेऊन दहा मिनिटांत धक्का गाठता येतो, तेच समुद्रात कळलं तर काहीच करता येत नाही.

त्याआधी बोटीची नोंदणी आणि इन्शुरन्स झालेला पाहिजे, आणि नांगर कुठे टाकायचा आणि कुठे नाही हे पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या. मुरगाव बंदराच्या चॅनेलमध्ये आणि नेव्हीच्या हद्दीत थांबायचं नाही. मोठं जहाज तुमच्यासाठी वळू शकत नाही, आपणच बाजूला व्हायचं.

सीझन कधी

नोव्हेंबरचा मध्य ते एप्रिलअखेर हा खरा काळ. मे अर्धा चालतो पण रोज हवामान बघत. अरबी समुद्रात वादळं पावसाच्या आधी आणि पावसाच्या नंतर येतात हे डोक्यात पक्कं बसवा, तौक्ते १६ मे २०२१ ला गोव्याच्या बाजूने गेलं, क्यार ऑक्टोबर २०१९ चं आणि ओखी तर डिसेंबर उजाडताना, २०१७ मध्ये, लक्षद्वीपवरून गेलं. म्हणजे दसरा-दिवाळीचं निळं आकाश बघून लगेच शिडं चढवायची नाहीत. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघायचे. इन्कॉइसचा अंदाज मच्छीमार बघतात तोच, त्यात लाट किती मीटर आणि किती सेकंदांनी येणार हे दिलेलं असतं, आणि बोटीवर झोप लागणार की नाही हे त्या सेकंदांवर ठरतं. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी आली तर पाळणा, तीच पाच सेकंदांनी आली तर कपाटातली भांडी बाहेर.

पाणी आधी, वारा मागाहून

बेतुलच्या एका म्हाताऱ्या तांडेल (होडीचा प्रमुख) मामांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "बाय, पयलीं उदक पळय, मागीर वारें." तेव्हा नीट समजलं नव्हतं. वारा अंगाला लागतो म्हणून लक्ष त्याच्याकडेच जातं, पण गोव्याच्या नद्यांमध्ये आत-बाहेर करायचं तर भरती-ओहोटीच सगळं ठरवते.

भरतीच्या वेळेसाठी छापील टाइड टेबल ठेवा, मुरगावचे आकडे त्यात असतात. पण जुना हिशोबही शिकून घ्या, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून खोली मोजायची तर टेबलच बघायचं, पण मोबाईल बंद पडला तरी कालनिर्णय बोटीच्या भिंतीवर लटकलेलं असतं आणि तेवढ्यावर दिवसाचा अंदाज येतो. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, म्हणजे चढउतार जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी, उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं.

हे पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, मग परत दोन आणि एक. म्हणजे दोन मीटरपैकी एक मीटर मधल्या दोन तासांतच येतं आणि प्रवाहही तेव्हाच सगळ्यात जोरात असतो. डिंगीने वल्ही मारत धक्क्यावर जायचं तर ते दोन तास टाळा.

मांडवीच्या तोंडाला, आग्वादच्या बाजूला वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून लाट आत येतेय अशा वेळी तिथे लाटा उभ्या राहून फुटतात, लांबून पांढरी रेघ दिसते. आत यायचं ते चढत्या भरतीवर, दिवसाउजेडी. उशीर झाला तर बाहेर थांबा, चहा करा, पाणी चढू दे.

वाऱ्याचा क्रम शाळेत शिकलो तोच, मतलई आणि खारे वारे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून, पूर्वेकडून मतलई वारा येतो, दहाच्या सुमारास मरतो, मग दोन-तीन तास काही नाही, आणि दुपारी एक-दोनच्या पुढे वायव्येकडून खारा वारा भरतो, मार्च-एप्रिलला चांगला जोर धरतो आणि सूर्य बुडाला की ओसरतो. यातून साधा नियम निघतो. दक्षिणेला पाळोळेच्या दिशेने जायचं तर दुपारचा वारा पाठीमागून घ्या, आणि उत्तरेला परत यायचं तर पहाटे चारला उठून मतलई बाजूने घेत किनाऱ्याच्या जवळून या. दुपारी वायव्येच्या वाऱ्यात तोंड खुपसून उत्तरेला यायचा हट्ट केला की दिवसभर भिजून दहा मैलही होत नाहीत, आम्ही हे केलंय, दोघंही रात्री न जेवता झोपलो होतो.

नांगर

यावर जास्त लिहिणार आहे कारण सगळी झोप याच्यावर अवलंबून आहे.

आधी खोली. समजा खोली मोजायच्या यंत्रावर पाच मीटर दिसतंय. त्यात भरतीला चढणारं पाणी मिळवा, समजा दीड मीटर, आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंची, आमच्या बोटीला एक मीटर. झाले साडेसात. याच्या पाचपट साखळी सोडायची, म्हणजे साडेसदतीस मीटर. रात्र काढायची असेल आणि वारा असेल तर सातपट, साडेबावन्न. साखळीऐवजी दोर जास्त असेल तर सातपटच धरा, दोर हलका, तो वर उचलला जातो आणि नांगराची ओढ आडवी राहत नाही. ओढ आडवी राहिली तरच नांगर मातीत शिरतो, वर ओढला की उपटतो, एवढंच त्यामागचं गणित आहे. साखळीवर दर पाच मीटरला रंगाची खूण करा, रात्री अंदाजाने सोडत बसू नका.

टाकताना बोट वाऱ्याकडे तोंड करून थांबवा, नांगर तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडा, मग बोट मागे सरकत जाईल तशी साखळी पसरू दे, ढीग करू नका. सगळी सुटली की इंजिन रिव्हर्सला हळू, मग थोडं जोरात, अर्धा मिनिट. या वेळी किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, एक माड आणि मागचं घर, नाहीतर खडकाचं टोक आणि टॉवर. रेष हलली नाही तर नांगर लागला. पुढे उभ्या असलेल्याने आणि सुकाणूवर बसलेल्याने हाताच्या खुणा ठरवून घ्या, मूठ म्हणजे थांब, तळवा मागे म्हणजे रिव्हर्स, कारण इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही आणि नवरा-बायकोची अर्धी भांडणं नांगर टाकतानाच होतात.

आता आमची गोष्ट. दुसऱ्या सीझनला, फेब्रुवारीत, वास्कोच्या बाहेरच्या ग्रँड आयलंडच्या आडोशाला आम्ही थांबलो होतो. दुपारचा वायव्य वारा बेटाने अडवला होता, पाणी काचेसारखं, सगळं छान. मीच नांगर टाकला होता आणि रिव्हर्स करून बघायचा कंटाळा केला. पहाटे तीनच्या सुमाराला मतलई सुटला, बोट अर्धवर्तुळात फिरली आणि मला जाग आली ती आवाजाने नाही, अंथरुणातून थरथर जाणवली त्याने. पुढे जाऊन साखळीवर तळहात ठेवला. नांगर धरलेला असतो तेव्हा साखळी गप्प असते, फार तर एखादा हलका टक असा झटका. त्या रात्री ती हाताखाली गुरगुरत होती, थांबून थांबून, खडकावरून लोखंड ओढलं जाताना जशी थरथर येईल तशी. वाऱ्याने फिरवल्यावर ज्याच्याकडे आम्ही सरकत होतो ते बेटाचे खडक काळोखात दिसतही नव्हते, फक्त लाटेचा आवाज जवळ आलेला. इंजिन चालू करून, नांगर उचलून बाहेर खोल पाण्यात जाऊन उजाडेपर्यंत घिरट्या घालत राहिलो. सकाळी बघितलं तर नांगराच्या टोकावर मातीचा कणही नव्हता, खडकाने घासून लोखंड चकचकीत झालेलं.

तेव्हापासून चार गोष्टी सोडत नाही. रिव्हर्स करून बघायचं. शक्य असेल तिथे मास्क लावून पाण्यात उतरून नांगर डोळ्यांनी बघायचा. मोबाईलवर नांगराचा अलार्म लावायचा. आणि संध्याकाळी थांबताना विचार करायचा तो आत्ताच्या वाऱ्याचा नाही, पहाटेच्या वाऱ्याचा, बोट उलटी फिरली तर मागे किती पाणी आहे आणि काय आहे.

रात्री डोलकाठीच्या टोकाला चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचाच, आणि दिवसा पुढे काळा गोळा. ट्रॉलर पहाटे अंधारात परत येतात, त्यांना तुम्ही दिसला पाहिजेत.

गोडं पाणी

आमची टाकी दोनशे लिटरची, शिवाय वीस लिटरचे तीन कॅन वेगळे. हे कॅन टाकीत ओतून ठेवायचे नाहीत, टाकीतलं पाणी बिघडलं तर तेच कामाला येतात. दोन माणसांना आम्ही दिवसाला सोळा लिटर धरतो, त्यातले सहा नुसते प्यायला, आपल्या उकाड्यात माणशी तीन लिटर पोटात गेलंच पाहिजे. म्हणजे टाकीवर बारा दिवस.

हे जमतं कारण बाकी सगळं खाऱ्या पाण्यावर. भांडी बादलीतल्या समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा, तोही स्प्रेच्या बाटलीने. बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडायचे, भाताला एक हिस्सा खारं आणि तीन हिस्से गोडं, मीठ घालायला लागत नाही. पण हे नदीत करायचं नाही, मांडवीचं पाणी भांडी धुवायलाही घेऊ नका, किनाऱ्यापासून लांब निळ्या पाण्यात गेलात की मगच. अंघोळ म्हणजे समुद्रात उडी, शिडीवर बसून शॅम्पू (साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शॅम्पूला येतो), परत उडी, आणि शेवटी दीड-दोन लिटर गोडं पाणी डोक्यावरून. मीठ अंगावर वाळू देऊ नका, त्याने घामोळं येतं आणि चादर कायमची दमट राहते.

पाण्याचा नळ पायाने दाबायचा पंप लावून घ्या, विजेचा नको. पायाने दाबायला लागलं की पाणी आपोआप कमी लागतं.

बॅटरी

आमच्याकडे शंभर अँपिअर-अवरच्या दोन साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. अशा बॅटऱ्या निम्म्याच्या खाली गेल्या की लवकर मरतात, म्हणजे वापरायला मिळतात शंभरच. त्यातले चाळीस-पन्नास एकटा छोटा फ्रिज दिवसाला खातो. दिवे एलईडी असतील तर नगण्य. रोज सकाळी सूर्य पॅनलवर यायच्या आधी व्होल्टमीटर बघून वहीत लिहायचं, १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.२ दिसलं की त्या दिवशी फ्रिज बंद. दोनशे वॉटचं सोलर पॅनल कडक उन्हात दिवसाला साठेक अँपिअर-अवर देतं, पण पॅनलवर दोराची हाताच्या बोटाएवढी सावली पडली तरी आकडा धपकन खाली येतो, म्हणून दुपारी बोट फिरली की शिडाची काठी दोर लावून बाजूला ओढून बांधते मी, रोजचं काम आहे ते.

लिथियम बॅटरी घेऊ शकलात तर चांगलंच, फक्त तिच्यासाठी चार्जर आणि वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या.

जेवणखाण

बेतीच्या बाजूला नांगर असला की सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा पाण्यावरून ऐकू येतो, डिंगीने जाऊन गरम पोई आणायच्या, तो आठवड्यातला सगळ्यात चांगला नाश्ता. निघायच्या आधीची मोठी खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. उकडे तांदूळ, मूग, चवळी, फोव, नारळ, सोलं, सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (सुका जवळा), चिंच, गूळ. भाज्यांत कोबी, दुधी, तांबडा भोपळा, कच्चे टोमॅटो, लिंबं. कांदे आणि बटाटे एकत्र ठेवू नका, दोन्ही लवकर कुजतात, वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत हवेला टांगा. अंडी फ्रिजमध्ये कधीच न गेलेली घ्यायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटी करायची, पंधरा दिवस सहज टिकतात. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणायचे नाहीत, त्याच्या घडीत झुरळांची अंडी येतात, सगळं सामान धक्क्यावरच काढून डब्यांत भरा.

प्रेशर कुकरसारखी चीज बोटीवर दुसरी नाही. झाकण बंद असतं त्यामुळे बोट हेलकावली तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो, आणि हलत्या बोटीवर मी तर त्यातच चहाही करते, शिटी न लावता. लाटा असल्या की पेज, वर खारातली कैरी आणि भाजलेलं सुकं सुंगट, मळमळ होत असेल तरी पेज पोटात राहते.

गॅसचं मात्र मनावर घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, घरी खिडकीतून जाईल पण बोटीत तो खाली उतरतो आणि तळाच्या पोकळीत, बिल्जमध्ये, साचून राहतो, मग बिल्जच्या पंपाची एक ठिणगी पुरते. सिलिंडर बाहेर, उघड्यावर ठेवायचा आणि प्रत्येक वेळी शेगडी नाही, सिलिंडरच बंद करायचा. शेवटची शिटी झाली की आधी सिलिंडर बंद, मग शेगडीची ज्योत आपोआप विझू द्यायची, म्हणजे नळीतला गॅसही जळून जातो. आलेल्या पाहुण्यालाही पहिल्या पाच मिनिटांत हे दाखवते.

मासे विकत घ्या, गळाला लागले तर उत्तमच. होडीवाल्यांकडून बांगडे घेतले की गप्पा होतात आणि जाळी कुठे टाकली आहेत हे कळतं, ते कुठल्याच ॲपवर मिळत नाही. जाळ्याचे फ्लोट दिसले की लांबून वळसा घाला. त्यांचं पोट त्या जाळ्यावर आहे, आणि आपल्याही इंजिनच्या पंख्यात दोर गुंतला तर सुरी घेऊन पाण्यात उतरावं लागतं, इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून.

रोज सकाळची फेरी

चहा व्हायच्या आधी पंधरा मिनिटं, रोज, न चुकता. बिल्जमध्ये पाणी आहे का, असेल तर हाताच्या बोटाचं टोक बुडवून चाखायचं, खारं की गोडं. खारं असेल तर बाहेरून येतंय, गोडं असेल तर टाकी गळतेय. इंजिनचं ऑइल आणि बेल्ट. बोटीच्या तळाला जिथे जिथे पाइप आरपार जातात तिथले वॉल्व एकदा बंद-उघड करायचे, नाहीतर जाम होतात, आणि प्रत्येक वॉल्वशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली पाहिजे, पाइप तुटला तर ती ठोकून बसवता येते. डेकवर फेरी मारताना तारा जिथे डोलकाठीला आणि बोटीला धरलेल्या आहेत तिथल्या पिना हाताने चाचपायच्या. आमच्या नांगराच्या शॅकलची, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, पीन एका वर्कशॉपमध्ये तार न गुंडाळता नुसती पिळून दिली होती, अशाच एका सकाळी ती निम्मी सुटलेली सापडली. आता कुणीही काम करून दिलं तरी तार मी स्वतः गुंडाळते.

संडासची टाकी नांगराच्या जागी रिकामी करायची नाही. तिथेच लोक पोहतात, तिथेच कुणाचं जाळं असतं.

कुठली बेटं, कुठल्या क्रमाने

पहिल्या महिन्यात मांडवीतली चोडण आणि दिवाडी. मोठी बोट खाली ठेवून डिंगीने भरतीबरोबर वर जायचं आणि ओहोटीबरोबर परत. डोलकाठीची पाण्यापासूनची उंची मोजून लिहून ठेवा, पूल आणि नदीवरून गेलेल्या विजेच्या तारा यांच्याखालून जायचा विचारही त्या आकड्याशिवाय करू नका. चोडणला डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्याच्या खारफुटीत सकाळी इंजिन बंद करून वल्ही मारत जा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिकडे हातपाय पाण्यात सोडायचे नाहीत. दिवाडीचं नाव शिडाच्या बोटींच्या लोकांनी आदराने घ्यावं असंच आहे, नेव्हीची म्हादई ही शिडाची बोट तिथेच बांधली गेली, तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. नेव्हीच्याच तारिणी बोटीवरून सहा जणी पृथ्वीप्रदक्षिणेला २०१७ च्या सप्टेंबरला पणजीसमोरूनच निघाल्या आणि मे २०१८ ला परतल्या. पहिल्या सीझनला मला धीर वाटायचा तो या नावांनी.

मग ग्रँड आयलंड, आग्वादपासून आठेक सागरी मैल, दिवसा जाऊन दिवसा परत. तिसऱ्या महिन्यात दक्षिणेला, पाळोळे, तीसेक मैल. तिथे उत्तरेच्या टोकाला काणकोण बेटाजवळ वायव्य वारा थोडा अडतो पण हेलकावा आत येतोच, रात्री कूस बदलत राहाल. वाटेत बेतुलला साळ नदीच्या तोंडाची वाळू जागा बदलते, ओळखीचा तांडेल बरोबर नसेल तर आत शिरू नका. कारवारजवळचं अंजदीव नेव्हीकडे आहे, लांबूनच नमस्कार.

लक्षद्वीप दुसऱ्या सीझनला. परमिट आधी काढावं लागतं. गोव्याहून उत्तरेकडची बेटं सव्वादोनशे-अडीचशे सागरी मैल, पाच नॉटने (तासाला पाच सागरी मैल) दोन दिवस आणि दोन रात्री. दोघंच असाल तर तीन-तीन तासांच्या पाळ्या लावा, आणि रात्री कॉकपिटबाहेर, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर, पाय टाकायचा तर पट्टा अडकवून आणि दुसऱ्याला उठवूनच. लाइफजॅकेट अंगावर, व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर चालू, कोस्ट गार्डचा नंबर १५५४ रेडिओशेजारी मोठ्या अक्षरात, तो फोन जमिनीच्या रेंजमध्येच लागतो म्हणून लांब जाताना सॅटेलाइटवर संकट कळवणारं ईपर्ब पाहिजेच. उलटीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून गोळी निघायच्या आधी घ्या, सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

तिथल्या खाजणात, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, शिरायचं ते सकाळी दहा ते दुपारी तीनमध्येच, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असताना, एकजण नाळेवर पोलराइज्ड चष्मा लावून उभा. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे सांभाळून, पांढरट म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. नांगर फक्त वाळूत. प्रवाळावर साखळी फिरली की वर्षानुवर्षं वाढलेलं एका रात्रीत मोडतं.

आणि एखाद्या रात्री अमावस्येच्या पुढेमागे, हिवाळ्यात, दिवे बंद करून साखळी हलवून बघा. पाण्यात नॉक्टिल्युका हा अंधारात चमकणारा सूक्ष्म जीव असला तर कडी-कडी निळसर-हिरवी पेटत खाली जाते, नांगरापर्यंत दिसते.

मे महिन्यात

पंधरा मेपर्यंत बोट सुरक्षित जागी पाहिजे, वर काढता आली तर उत्तम. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरसारख्या यांत्रिक बोटींची मच्छीमारी बंद असते, समुद्रात मदतीला कुणी भेटणं अवघड. शिडं उतरवून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, दमट घडी केली की बुरशीचे काळे डाग जात नाहीत. टाकी रिकामी, फ्रिजचं दार उघडं, गाद्या उभ्या, सगळे वॉल्व बंद, दोर दुप्पट आणि घासतात तिथे जुना पाण्याचा पाइप चढवलेला. पाऊस सुरू झाला की आठवड्यातून एकदा जाऊन कॉकपिटची ड्रेन हाताने मोकळी करा, वाऱ्याने आलेली पानं त्यात अडकतात आणि दोन दिवसांच्या पावसात कॉकपिट भरून पाणी दारातून आत उतरतं.